उद्या म्हणजे केव्हा?

काही वर्षांपूर्वी नरडाण्याजवळच्या एका वस्तीतून एक वृद्ध गृहस्थ सायंकाळी आमच्याकडे आले. नातवाला वसतिगृहात घालायचे होते आणि त्यासाठी धर्मगुरूंची चिठ्ठी हवी होती. दिवसभराच्या कामाने आम्ही थकलो होतो, शिक्का व कागद कचेरीत बंद होते. आमची चलबिचल पाहून त्यांनीच विचारले, “सकाय येऊ का?” आम्ही म्हणालो, “हो बाबा, सकाय या.” त्यांनी हात जोडले आणि ते अंधारात चालू लागले.

पुढे काय झाले ते यथावकाश सांगू. आधी ज्या शब्दाने ते घडविले त्या शब्दाची चौकशी करणे आम्हांस आवश्यक वाटते. आम्ही ‘सकाय’चा अर्थ ‘उद्या’ असा केला होता. तो चुकीचा नव्हता. खानदेशात, अहिराणी बोलणाऱ्या घरांतून, ‘ळ’चा ‘य’ होतो; डोळा ‘डोया’ होतो तशी सकाळ ‘सकाय’ होते, आणि तोच शब्द उद्यासाठीही वापरला जातो. आमच्या ध्यानात आला नाही तो त्याचा पहिला अर्थ. त्या बाबांसाठी उद्या म्हणजे उद्याचा कोणताही प्रहर नव्हे. उद्या म्हणजे सकाळ.

सेमिनरीत असताना भाषांच्या व्युत्पत्तीचा नाद आम्हांस लागला तो अद्याप सुटलेला नाही. तेव्हा ह्या प्रसंगानंतर आम्ही प्रथम आपल्या मराठीकडेच वळलो. ‘उद्या’ हा शब्द संस्कृत ‘उदय’ ह्या शब्दावरून आला आहे. पेशवेकाळच्या पत्रांत ‘उदईक’ असे त्याचे भावंड भेटते; ‘उदईक कूच करणार’ म्हणजे दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की फौज निघणार. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द ‘उद्यां’ असा शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन लिहिलेला आढळतो. ‘उदयी’, म्हणजे उगवतीच्या वेळी, ह्या सप्तमीची ती खूण असावी असे दिसते. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यांबरोबर तीही खूण पुसली गेली. आमच्या पिढीला शाळेत त्याचा आनंदच झाला होता, हे कबूल केले पाहिजे. तात्पर्य, आपण ज्याला आज चोवीस तासांचा एक अख्खा दिवस समजतो तो शब्द मुळात एका क्षणाचे नाव होता. सूर्य क्षितिजावर येतो, तो क्षण.

‘सकाळ’ ह्या शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. संस्कृतात ‘सकाल’ म्हणजे योग्य वेळी, वेळेवर. वेळेवर म्हणजेच लवकर, आणि लवकर म्हणजेच पहाटे, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही त्या बाबांना टाळले, त्याचा मूळ अर्थ ‘वेळेवर’ असा होता!

आता ‘काल’ पाहा. आपण तो गेलेल्या दिवसाला लावतो, परंतु त्याचे मूळ ‘कल्य’ आहे आणि संस्कृतात ‘कल्य’ म्हणजे पहाट, तसेच येणारा दिवस. हिंदीत ‘कल’ अजून दोन्हीकडे पाहतो. क्रियापदावरून तो गेलेला की येणारा ते कळते. मराठीने त्याला केवळ मागे वळविले आणि पुढच्या दिवसासाठी ‘उद्या’ घेतला. मात्र हिंदीला हसण्याचे आपणांस कारण नाही. आपला ‘परवा’ आणि ‘तेरवा’ असाच दुतोंडी आहे. ‘परवा आलो होतो’ आणि ‘परवा येईन’, दोन्ही आपण बिनदिक्कत म्हणतो. आजपासूनचे अंतर तेवढे आपण मोजतो, दिशा सांगण्याचे काम क्रियापदावर सोपवितो.

इंग्रजांच्या ‘टुमॉरो’ ह्या शब्दाची घडण अशीच आहे. त्यातला ‘मॉरो’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘मॉर्गन’, सकाळ. आणि ‘टु’ हे त्यापूर्वी लागलेले अव्यय. ‘सकाळी’ एवढाच त्याचा अर्थ. हे दोन शब्द कित्येक शतके सुटेच लिहिले जात, पुढे मध्ये एक आडवी रेघ आली, आणि ती रेघ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छापली जात होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला उतरले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून निघाले, हे आपण जाणतोच. ते इंग्लंडातील विल्टशरचे. त्यांच्या बालपणीच्या इंग्रजीत ‘टु’ आणि ‘मॉरो’ अजून वेगवेगळे लिहिले जात होते, आणि ज्या मराठीत त्यांनी पुढे ओव्या रचल्या तिच्यातही उद्याच्या पोटात उदय होता. दोन्ही भाषांतला हा मेळ त्यांच्या लक्षात आला असेल काय? त्यांचे इतर धर्मबंधू ज्या पोर्तुगीज भाषेत बोलत तिच्यातला ‘अमान्यां’, स्पॅनिशांचा ‘मान्याना’, फ्रेंचांचा ‘दमँ’, हे सारे लॅटिन ‘माने’ म्हणजे सकाळ ह्या शब्दाची लेकरे. जर्मनांचा ‘मॉर्गन’ सकाळ आणि उद्या दोन्ही. अरबांच्या बोलीत ‘बुकरा’ म्हणजे उद्या, मूळ अर्थ पहाट. नरडाण्याच्या ‘सकाय’ने कोणाची नक्कल केलेली नाही, जगभरच्या माणसांनी रात्रीच्या पलीकडे पाहिले आणि सर्वांना एकच गोष्ट दिसली.

एक गोष्ट मात्र आम्हांस फार नवलाची वाटली. ‘काल’ ह्या अर्थाचा शब्द युरोपातील भाषांना आणि संस्कृताला एकाच पूर्वजाकडून मिळालेला आहे. संस्कृत ‘ह्यः’, लॅटिन ‘हेरी’, जर्मन ‘गेस्टर्न’, इंग्रजी ‘यस्टर्डे’तील ‘यस्टर’, ही सख्खी भावंडे आहेत. येणाऱ्या दिवसासाठी मात्र असा सर्वांचा मिळून एक शब्द आढळत नाही. बहुतेक भाषांनी आपापल्या अंगणातील पहाट घेऊन तो नव्याने घडविला. गेलेला दिवस वडिलोपार्जित आला, येणारा ज्याचा त्याने कमावला.

आपल्या नव्या कराराची मूळ ग्रीक भाषाही ह्याला अपवाद नाही. उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो (मत्तयाचा सहावा अध्याय), तेथे ग्रीकमध्ये ‘औरिऑन’ हा शब्द आहे. त्याचे मूळ पहाटेच्या ज्या प्राचीन धातूत आहे, त्यातूनच आपली वेदकालीन ‘उषस्’, म्हणजे उषा, आली. त्यातूनच लॅटिन ‘ऑरोरा’ आली, इंग्रजीतील पूर्वदिशेचे नाव ‘ईस्ट’ आले, आणि पुनरुत्थानाच्या सणाला इंग्रज ज्या नावाने ओळखतात तो ‘ईस्टर’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. स्त्रिया कबरेकडे गेल्या त्या पहाटे. मार्क तर सूर्य उगवला होता असे स्पष्टच सांगतो. आमच्या आळीतील एखाद्या मुलीचे नाव उषा असते आणि तिला ठाऊक नसते की आपले नाव ईस्टरशी नाते सांगते.

परंतु हा उद्या लागतो केव्हा? प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सूर्योदयी जी तिथी ती त्या दिवसाची. यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि ख्रिस्तसभेने आपल्या रविवारांसाठी व सणांसाठी तीच रीत राखली आहे. म्हणूनच शनिवारी सायंकाळच्या मिस्साला उपस्थित राहिल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, असे १९८३ च्या धर्मविधानसंहितेत नमूद आहे. आगगाडीचा दिवस मात्र रोमनांच्या रीतीने मध्यरात्री बदलतो. आमच्या परिचयाचे एक कुटुंब लग्नाकरिता सुरतेला निघाले होते. तिकिटावर १५ तारीख आणि ०० वाजून २० मिनिटे ही वेळ. मंडळी १५ तारखेला रात्री जेवूनखाऊन, टोपल्या बांधून स्टेशनावर हजर झाली. गाडी आदल्या रात्रीच त्यांच्याविना भुसावळहून सुरतेकडे निघून गेली होती. खिडकीवरचा बाबू बरोबर होता आणि हे लोकही आपल्या परीने बरोबर होते, कारण झोपून उठल्याशिवाय दिवस बदलतो हे शेतकऱ्याला पटणे कठीण. लग्न सापडले, हळद चुकली.

पवित्र शास्त्रात ‘उद्या’ वारंवार येतो, आणि त्याच्या येण्याजाण्याकडे लक्ष दिले तर एक विलक्षण चित्र उभे राहते. निर्गमाच्या आठव्या अध्यायात मिसर देश बेडकांनी भरून गेला आहे; अंथरुणात बेडूक, भट्टीत बेडूक, परातीत बेडूक. मोशे फारोला विचारतो, हे जावेत म्हणून मी केव्हा प्रार्थना करू? राजा ‘आत्ता’ म्हणत नाही. तो म्हणतो, उद्या! आणखी एक रात्र बेडकांसह काढण्यास तो तयार आहे. त्याच्यावर आम्ही प्रवचनात अनेकदा लोकांना हसविले आहे आणि नंतर आमच्याच टेबलावरील पत्रांच्या ढिगाकडे पाहून गप्प बसलो आहोत.

पुढे सोळाव्या अध्यायात मान्ना पडतो. ज्याने त्याने एका दिवसापुरता गोळा करावा, सकाळपर्यंत ठेवू नये, अशी आज्ञा. काहींनी ठेवला, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुप्पट घेण्याची मुभा होती आणि तो मान्ना नासला नाही. म्हणजे उद्याची तरतूद करणे हे पाप नव्हे. ती कोणाच्या शब्दावर केली हा प्रश्न आहे.

ह्याच विचाराचा एक धागा ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ह्या आपल्या प्रार्थनेपर्यंत येतो. आपण तीत ‘रोजची भाकर’ मागतो. ह्या ‘रोजची’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ असा शब्द आहे. तो अन्यत्र आढळत नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडविला असावा, असे तिसऱ्या शतकातील पंडित ओरिजेन म्हणून गेला. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम बेथलेहेमात बसून मत्तयावर भाष्य लिहीत होते. ते नोंदवितात की, इब्री लोकांचे म्हणून जे शुभवर्तमान आहे त्यात ह्या जागी ‘माहार’ असा शब्द आढळला. माहार म्हणजे उद्या. उद्याची भाकर आज दे! प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दुसऱ्या दिवसासाठी जो ग्रीक शब्द आला आहे तोही ‘एपिऊसिओस’च्या जवळचाच, म्हणून पुष्कळ अभ्यासक ह्या अर्थाला वजन देतात. इतरांना तो मान्य नाही. जेरोम यांनी स्वतः मत्तयात एक लॅटिन शब्द ठेवला आणि लूकमध्ये दुसरा, म्हणजे त्यांचेही मन एका जागी स्थिर झाले नव्हते. आमच्यापुरते सांगायचे, तर ज्या घरात चूल रात्री विझते आणि डब्यात पीठ आहे की नाही हे आई झोपण्यापूर्वी पाहते, त्या घरात ही प्रार्थना रात्री म्हटली जाते तेव्हा तिचा अर्थ उद्याची भाकर असाच असतो.

आणि मग मजुरी. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, मजुराचे वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. अनुवाद पुस्तकात सूर्य मावळण्यापूर्वी ते द्यावे असे आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकला आहे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात जवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणण्याची मनाई आहे. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातील धनी सायंकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून हिशेब चुकता करतो. शेवटी आलेल्यांना किती दिले ह्यावर आपण एवढी प्रवचने देतो की त्याने त्याच दिवशी दिले ही गोष्ट बाजूलाच राहते.

आमच्या भागात ह्या वचनांवर टीका लिहिण्याची गरज पडत नाही. पाऊस सरला की मुकादम वस्तीवर येतो, उचल देतो, आणि नवराबायकोची जोडी, जिला त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात, गुजरातेत नाहीतर घाटाकडे ऊसतोडीला निघते. दोन माणसांचे नाव एक कोयता! पोरे बरोबर जातात किंवा आजाआजीपाशी राहतात. उचल आज हातात पडते. हिशेब हंगाम संपल्यावर, आणि हिशेबाला गेले की ‘उद्या या’. बाजारपेठेत दुकानावर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. ती वाचून सर्वांना हसू येते, कारण तो उद्या कधी येणार नाही हे दुकानदारालाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. मुकादमाच्या ‘उद्या’ला पाटी नसते, म्हणून त्याचे हसू येत नाही.

संत ऑगस्टीन ह्या शब्दाला पुरते ओळखून होते. ३८६ साली मिलान येथील बागेत त्यांची जी तगमग झाली ती त्यांनी ‘कन्फेशन्स’च्या आठव्या भागात लिहून ठेवली आहे, उद्या, पुन्हा उद्या, असे आपण कुठवर म्हणणार, आत्ताच का नाही, हा त्यांचा आक्रोश. पुढच्या वर्षी ईस्टरच्या रात्री त्यांचा बाप्तिस्मा झाला. लॅटिनमध्ये उद्याला ‘क्रास’ म्हणतात, आणि कावळ्याचे ओरडणे त्या कानांना तसेच ऐकू येई. म्हणून पश्चात्ताप लांबणीवर टाकणाऱ्याची तुलना त्यांनी प्रवचनात कावळ्याशी केली. संत एक्स्पेडायटस यांच्या तसबिरीत ह्याचेच चित्र आढळते: हातात ‘आज’ असे लॅटिन अक्षरांत लिहिलेला क्रूस आणि पायाखाली ‘क्रास’ म्हणणारा कावळा. ह्या संतांच्या चरित्राला इतिहासाचा आधार तोकडा आहे, पण चित्रकाराला काय सांगायचे होते ते स्वच्छ आहे. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. म्हणजे तोही उद्याचेच बोलतो, फक्त आपला कावळा काम टाळीत नाही, घरच्यांना कामाला लावतो.

त्या बाबांचे सांगायचे राहिले आहे. दुसऱ्या दिवशी नाशिकला सभा होती, ती आमच्या स्मरणात होती, आणि सायंकाळपर्यंत परतून चिठ्ठी देता येईल असा आमचा हिशेब होता. पहाटे ५ वाजता आम्ही निघालो. बाबा आले ते सूर्य उगवताना, शब्दाला शब्द राखून. स्वयंपाकघरातील बाईंनी चहा दिला, फादर रात्री येतील असेही सांगितले. पण ‘सकाय’ म्हटले आहे तर ते येतील, असे म्हणून ते कडुनिंबाखाली बसले. दुपार गेली, ऊन उतरले. दिवेलागणीला ते उठून गेले. आम्ही रात्री ९ वाजता पोहोचलो. वसतिगृहातील प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत होती. हे त्यांनी आदल्या सायंकाळी आम्हांस सांगितले होते की नाही, ते आम्हांस आठवत नाही. सांगितले असावे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चिठ्ठी घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. बाबा बकऱ्या सोडीत होते. रागाची रेषा चेहऱ्यावर नव्हती. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले. मग अगदी सरळ मनाने, जणू गावचा बाजार कोणत्या वारी भरतो असे विचारावे तसे, त्यांनी विचारले, “फादर, तुमनी सकाय कितला वाजता व्हस?”

चिठ्ठी घेऊन आम्ही वसतिगृहात गेलो, विनवणी केली. जागा भरल्या होत्या. मुलगा त्या हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला. पुढल्या जूनमध्ये त्याला प्रवेश मिळाला. वर्गातील इतर मुलांहून तो एका वर्षाने मोठा होता.